कापलेला मासा मोजलेला असतो

मेलेला मासा उचलायचा, दोन्ही बाजूंनी नीट बघायचा, नर की मादी ते ओरडून सांगायचं, मॅशेटीने, म्हणजे लांब पात्याच्या सुऱ्याने, त्याचे दोन तुकडे करायचे आणि ते परत नदीत टाकायचे. मग पुढचा मासा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ॲडम्स नदीवर सॅमन मोजणाऱ्या हंगामी पथकात मी तंत्रज्ञ म्हणून काम केलं, त्यातला मोठा वेळ यातच गेला. ‘तंत्रज्ञ’ म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या दिसतात. प्रत्यक्षात छातीपर्यंत येणारे रबरी वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची बूट जोडलेली विजार, हातात लांब दांड्याचा एकदाती अंकुश आणि कमरेला सुरा. रत्नागिरीला आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगो, जिवंत मासा सोडून मेलेला कसला मोजतेस?”

प्रश्न रास्तच आहे.

कामलूप्स शहरापासून तासाभरावर शुस्वाप नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या वर ॲडम्स तळं, आणि दोघांना जोडणारी दहा-बारा किलोमीटरची ही नदी. इथल्या मूळनिवासी सेक्वेपमक लोकांचा हा मुलूख. नदीकाठच्या उद्यानाला 2018 पासून त्यांच्या भाषेतलं ‘चूच्वेक’ हे नाव आहे. शुस्वापमधलं पाणी पुढे थॉम्प्सन नदीतून फ्रेझरला मिळतं आणि व्हँकुव्हरजवळ समुद्रात जातं. सॉकाय जातीचा सॅमन याच वाटेने उलटा येतो, जवळपास 500 किलोमीटर, आणि गोड्या पाण्यात शिरल्यावर काही खात नाही. समुद्रात चंदेरी असलेलं अंग इथे पोचेपर्यंत लालभडक होतं, डोकं हिरवं पडतं, नराचा जबडा पुढे वाकतो. मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, त्यात तीन-चार हजार अंडी घालते, आणि मग काही दिवसांत नर-मादी दोघंही मरतात. पिल्लं वसंतात गोट्यांतून वर येतात, साधारण वर्षभर शुस्वाप तळ्यात वाढतात, समुद्रात जातात आणि चौथ्या वर्षी परततात. त्यामुळे या नदीला चार वर्षांचा फेरा आहे. 2010, 2014, 2018, 2022 ही मोठी वर्षं. मधल्या वर्षांत मासे येतात, पण कितीतरी कमी. हा फेरा असा का टिकून राहतो यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून मिटलेले नाहीत.

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले. कोळंबीची बीजकेंद्रं, कटला-रोहूचे तलाव हे माझं जग होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे कामलूप्सला आलो, इथे कायम राहण्याचा परवाना मिळाला आणि मी मासळीशी संबंधित जे दिसेल त्याला अर्ज करत सुटले. मुलाखतीत पदवीबद्दल दोन मिनिटं बोलणं झालं. बाकी सगळे प्रश्न शरीराचे: वीस किलोचं ओझं घेऊन शेवाळलेल्या गोट्यांवरून चालता येईल का, बोटीत काम केलंय का, थंडीत ओल्या हातांनी लिहिता येतं का. “कोकणातल्या पावसात वाढलेय,” असं मी सांगितलं. समोरच्याला ते कितपत कळलं कुणास ठाऊक, पण नोकरी मिळाली.

कामाआधीची प्रशिक्षणं म्हणजे प्रथमोपचार, अस्वलांपासून सावधगिरी आणि वेगवान पाण्यातला बचाव. शेवटचं सगळ्यांत कठीण. तुम्हाला नदीत अक्षरशः ढकलून देतात. पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर. काहीही झालं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायला बघायचं नाही, कारण पाऊल दोन गोट्यांत अडकलं तर पाणी तुम्हाला तिथेच वाकवून दाबून धरतं. वेडरवर पट्टा का घट्ट बांधायचा हेही तेव्हा कळलं. पट्टा नसेल तर पडल्यावर वेडरमध्ये पाणी भरतं आणि मग उठताच येत नाही. मी शास्त्री नदीत पोहायला शिकलेली, तरी पहिल्या डुबकीला छातीतला श्वास पार गोठला.

2021 च्या शरदात मी कामाला लागले ती लहान ओढ्यांवर. मोठ्या फेऱ्याचं वर्ष नव्हतं. काम म्हणजे दोघांनी ओढ्याकाठाने चालायचं, डोळ्यांवर पाण्याची चमक मारणारे पोलराइज्ड चष्मे, हातात टिकटिक करणारा मोजणीयंत्राचा खटका. जिवंत किती, मेलेले किती. पूर्ण हंगामात अशा फेऱ्या होतात. एका फेरीत दिसलेल्या जिवंत माशांचा सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, त्यात तोवरचे सगळे मेलेले मिळवायचे आणि बेरजेला 1.8 ने गुणायचं. हा गुणक का? तर काठावरून सगळे मासे कधीच दिसत नाहीत, आणि मासे एकाच दिवशी येऊन एकाच दिवशी मरत नाहीत. फ्रेझर खोऱ्यात छोट्या संख्येच्या ओढ्यांसाठी वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. कित्येक ओढ्यांवर मी दिवसभर चालून शून्य लिहिलं. शून्य लिहायलाही तेवढंच चालावं लागतं, आणि काहीतरी दिसल्याचा भास संध्याकाळी चारनंतर वाढत जातो. वाळकं पानसुद्धा मग शेपटी हलवतं.

2022 मध्ये मात्र ही पद्धत ॲडम्सवर चालणार नव्हती. लाखांनी मासे असतात तिथे काठावर उभं राहून खटका दाबण्यात काही अर्थ नाही. पाण्याखाली लाल थरावर लाल थर, एक सरकला की दुसरा. तिथे खुणा करून पुन्हा पकडण्याची पद्धत वापरतात. पोतंभर तांदळात मोजून शंभर दाणे रंगवून मिसळा, पोतं हलवा, मग ओंजळी काढून त्यात रंगीत किती आणि साधे किती ते बघा. त्या प्रमाणावरून पोत्यात एकूण किती दाणे असतील ते काढता येतं. समजा 1,000 जिवंत माशांना खुणा केल्या. पुढे 20,000 मेलेले मासे तपासले आणि त्यात खुणेचे 100 निघाले. म्हणजे दर दोनशेत एक. तर एकूण मासे साधारण 2,00,000. प्रत्यक्षात नर आणि मादींचा हिशेब वेगळा करतात, कारण दोघांची वागणूक आणि मेल्यावर सापडण्याची शक्यता सारखी नसते.

खुणा करायच्या म्हणजे आधी जिवंत मासे पकडायचे, आणि ते पकडायचे रापणीने. हो, आपलीच रापण. जाळ्याचं एक टोक काठावर, दुसरं बोटीतून फिरवून परत काठाला, आणि मग ओढ. गुहागरच्या किनाऱ्यावर लहानपणी रापण ओढायला हात लावलेले होते, त्यामुळे इथे पाय कुठे रोवायचे ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमचा प्रमुख सेक्वेपमक होता, आजोबांपासून याच पाण्यावरचा. माझी ओढ बघून तो एवढंच म्हणाला, “हे तू आधी केलंयस.” त्या पथकात यापेक्षा मोठी शाबासकी मी कुणाला मिळालेली ऐकली नाही.

जाळ्याचा पोटाकडचा भाग पाण्यातच ठेवतात, मासे गुदमरू नयेत म्हणून. तिथून एकेक मासा काढून ओल्या पन्हळीसारख्या ट्रेमध्ये घ्यायचा. हातात लोकरी मोजे, कारण उघड्या हाताला तो निसटतो आणि खवले-बुळबुळीत थर निघून जातो. शेपटीच्या देठाशी मूठ आवळली की तो जरा शांत होतो. मग पाठीवरच्या पराच्या किंचित खाली, मांसातून, एक बारीक सुई आरपार. सुईच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची शर्टाच्या गुंडीएवढी चकती, त्यावर क्रमांक. पक्कडीने सुईचं टोक पिळून गाठ मारायची, तीही अशी की चकती ना मांसात रुतेल ना लडबडेल. चकती पुढे गळून पडलीच तर ओळख पटावी म्हणून कल्ल्याच्या झाकणाला पंचने एक भोक. लांबी, लिंग, क्रमांक. हे सगळं अर्ध्या मिनिटात. मग माशाला प्रवाहाकडे तोंड करून धरायचं आणि त्याने स्वतःहून झटका दिला की सोडायचं. नराचे दात या दिवसांत खरोखरच मोठे झालेले असतात. माझ्या अंगठ्यावर त्याची आठवण आहे.

ऑक्टोबरच्या मध्यावर मासे मरू लागतात आणि खरं काम सुरू होतं. पथकातले लोक त्याला ‘डेड पिच’ म्हणतात. रबरी राफ्टमधून किंवा काठाने नदीचा ठरलेला तुकडा घ्यायचा आणि त्यात दिसेल तो मेलेला मासा अंकुशाने उचलायचा. खोल डोहाच्या तळाशी साचलेले, झाडांच्या मुळांत अडकलेले, वाळूच्या पट्ट्यावर रांगेने लागलेले. सीगल सगळ्यांत आधी डोळे खातात, त्यामुळे बहुतेक मासे आंधळे. काहींचा रंग जाऊन राखाडी, काही आदल्या रात्रीचे अजून लाल. खूण आहे का ते पाठीवर बघायचं, नसेल तर कल्ल्याचं भोक बघायचं, तेही चिखल पुसून. मादी असेल तर पोट चिरून गाभोळी, म्हणजे अंडी, किती उरलीय ते बघायचं: सगळी घातली, निम्मी घातली की तशीच मेली. शंभर टक्के, पन्नास, शून्य. पोटात पूर्ण गाभोळी घेऊन मेलेली मादी नोंदवणाऱ्याला सांगताना माझा आवाज प्रत्येक वेळी खाली यायचा. तो मला पुन्हा ओरडायला लावायचा, कारण नदीच्या आवाजात काही ऐकू येत नसे.

मग दोन तुकडे. कापलेला मासा म्हणजे मोजलेला मासा, उद्या कुणी त्याला पुन्हा मोजणार नाही. मॅशेटी सरळ पात्याची असते; मला वाकड्या कोयत्याची सवय, त्यामुळे सुरुवातीला घाव आखूड पडायचे. तुकडे नदीतच परत टाकतात. समुद्रातून अंगात भरून आणलेलं नत्र-स्फुरद त्या पाण्याला, किड्यांना, काठच्या झाडांना मिळायचं असतं, आणि पुढच्या वसंतात याच किड्यांवर काही पिल्लं जगायची असतात.

या कामात एक खोच आहे आणि मला वाटतं सगळी कसोटी तिथेच लागते. चकती चमकते. मेलेल्या माशांच्या ढिगात ती लांबून दिसते, आणि दिवसभर बिनखुणेचे मासे कापून कंटाळलेला डोळा आपोआप तिकडे वळतो. चकती सापडली की पथकात आनंदाची आरोळी उठते. पण तुम्ही चकत्यांकडे चालत गेलात आणि मधले दहा बिनखुणेचे मासे ओलांडलेत, तर प्रमाण बिघडतं. खुणेचे मासे वाढतात, आणि एकूण अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. उलट, घाईत चकती नजरेतून सुटली तर अंदाज फुगतो. म्हणून आमच्या मागून काही दिवसांनी वेगळे लोक येतात आणि कापलेले तुकडे पुन्हा तपासतात, आम्ही किती खुणा चुकवल्या ते बघायला. त्यांचा राग यायचा. पण ते नसते तर आमच्या आकड्यावर माझाही विश्वास बसला नसता. या नोकरीत शोधायचं काही नसतं. वाटेत येईल तो प्रत्येक मासा सारख्याच निरुत्साहाने बघायचा असतो. नवीन आलेली तरुण मुलं इथेच कमी पडतात, त्यांना काहीतरी सापडायला हवं असतं.

अस्वलांनी ओढून नेलेल्या माशांचं काय, हा प्रश्न मला सगळे विचारतात. काळी अस्वलं रात्री येतात, मासा काठावरच्या देवदारांत नेतात, आवडेल तेवढा खातात. त्याने गणित बिघडत नाही. अस्वल काही चकती बघून मासा निवडत नाही. दोन्ही प्रकारचे मासे सारख्या प्रमाणात जातात, प्रमाण तेच राहतं. आम्हाला फक्त सकाळी झाडीत शिरण्याआधी मोठ्याने बोलत जावं लागतं. मी मोठ्याने शुभंकरोती म्हणत जायची. पथकातल्या एकाला ते चालीसकट पाठ झालं होतं.

ठरावीक माशांची लांबी घेतात, पण नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नाही. नराचा जबडा वाढलेला असतो आणि मादीची शेपटी गोटे उकरून हाडापर्यंत झिजलेली असते, दोन्ही टोकं बेभरवशाची. म्हणून डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीचा कणा संपतो तिथपर्यंत मोजायचं. वयासाठी खवले निरुपयोगी, कारण उपाशी प्रवासात मासा स्वतःच्या खवल्यांच्या कडाही जिरवून टाकतो. मग डोक्याच्या कवटीवर आडवा काप घेऊन चिमट्याने कानातले खडे काढतात, ओटोलिथ. तांदळाच्या कणीपेक्षा थोडे मोठे, दोन. त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं असतात आणि ती प्रयोगशाळेत वाचतात. बोटं बधिर झालेली असताना हा खडा चिमट्यातून निसटून गोट्यांत पडला की जो शब्द तोंडातून येतो तो मालवणीतच येतो.

वासाबद्दल लिहायलाच हवं. मी मासळीबाजारात वाढले, वशट वासाचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. कुजत्या सॅमनचा वास वेगळा आहे. तो गोडसर असतो आणि केसांत बसतो. डबा खायला मोजे काढले तरी हातांना येतो. मी पोळी-भाजीचं गुंडाळं कागदासकट धरून खायची. नोव्हेंबरात बर्फ पडलं की वास कमी होतो, पण मग सुऱ्याची मूठ गोठते. तेव्हा वासच बरा होता असं वाटतं.

2022 चा तो शरद ब्रिटिश कोलंबियात भयंकर कोरडा गेला. ऑक्टोबर अर्ध्याहून जास्त सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता. ॲडम्स नदी तळ्यातून निघते म्हणून तिला पाणी राहिलं, पण शुस्वापला मिळणाऱ्या लहान ओढ्यांच्या तोंडाशी मासे ताटकळत उभे होते, पाठी पाण्याबाहेर. किनारपट्टीवरच्या एका नदीत हजारो पिंक सॅमन अंडी न घालताच मेल्याची चित्रफीत तेव्हा जगभर फिरली. आमच्याकडे तसं झालं नाही. पण त्या वर्षी फ्रेझरमध्ये जेवढे सॉकाय अपेक्षित होते तेवढे आले नाहीत, हेही खरं.

आकड्याचं पुढे काय होतं? हंगाम चालू असताना मासेमारी कधी उघडायची ते ठरतं ते समुद्रातली चाचणी मासेमारी आणि फ्रेझरवर मिशन गावाजवळची, आवाजाच्या लहरींनी मासे मोजणारी सोनार यंत्रणा यांच्यावरून. आमचा आकडा उशिरा येतो, मासेमारी संपल्यावर. पण जाळ्यातून सुटून प्रत्यक्ष अंडी घालायला किती पोचले हे फक्त त्यातूनच कळतं, आणि चार वर्षांनंतरचा अंदाज त्यावर उभा राहतो. आपल्याकडे मिरकरवाडा किंवा ससून डॉकला उतरलेल्या मासळीचे अंदाज वर्षानुवर्षं निघतात. पण पावसाळ्यात खाडीतून वर चढणारा पाला मासा किती वाचला, किती अंडी घालून गेला, ते कुठल्या खाडीत कोण मोजतं? कॉलेजात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

अंदाज चुकतातही, आणि दणदणीत चुकतात. 2009 साली फ्रेझरमध्ये 1 कोटीहून जास्त सॉकाय येणार असं भाकीत होतं. आले 15 लाखांच्या आसपास. सरकारला न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाचं काम सुरू होतंय तोच 2010 साली जवळपास 3 कोटी मासे आले, शतकभरात दिसले नव्हते एवढे. 2012 मध्ये अहवाल आला, त्यात 75 शिफारशी होत्या, आणि घसरणीचं एकच एक कारण सापडलं नाही. पुढे 2020 मध्ये संपूर्ण फ्रेझरमध्ये 3 लाखही मासे आले नाहीत. आमचा प्रमुख या सगळ्याकडे थंडपणे बघतो. त्याच्या लोकांच्या आठवणीत 1913-14 आहे, फ्रेझरवरच्या हेल्स गेटच्या अरुंद दरीत रेल्वेच्या कामातला दगड नदीत पडला आणि वाट बंद झाली तेव्हाचं. त्याआधी, 1908 च्या सुमारास, ॲडम्स तळ्याच्या तोंडावर लाकूड वाहून नेण्यासाठी बंधारा घातला होता. तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या ॲडम्स नदीतला सॉकाय त्याने संपला. बंधारा 1945 मध्ये काढला, पण पूर्वीचा मासा परतला नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये वणव्याने शुस्वापचा उत्तर किनारा जाळला, नदीकाठचं जंगलही. 2022 ची पिल्लं तेव्हा तळ्यात उतरलेली होती, तेवढं बरं. पण काठावर आता सावली कमी आहे आणि मोठ्या पावसात राखमातीचा गाळ नदीत येतो. गोट्यांमधल्या अंड्यांना गाळ बसला की प्राणवायू मिळत नाही. त्याचा हिशेब कुठल्यातरी वर्षी आमच्याच अंकुशाला लागणार.

कुणी मराठी मुलगा-मुलगी या कामाचा विचार करत असेल तर खरं सांगते: पगार ठीक, नोकरी हंगामी, नोव्हेंबरच्या मध्यावर करार संपतो आणि पुढचा मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. मी हिवाळ्यात इथल्या एका रोपवाटिकेत काम करते. मत्स्यशास्त्राची पदवी असेल तर उत्तम, पण त्याआधी राफ्ट वल्हवायला आणि ओल्या कागदावर न पुसेल असं लिहायला शिका. पाठ जपा. उलटी होणारच असेल तर प्रवाहाच्या खालच्या बाजूला.

2026 हे पुन्हा मोठं वर्ष. 2022 मध्ये ज्यांना आम्ही कापलं त्यांची पिल्लं यंदा येणार. प्रमुखाचा निरोप आला आणि मी हो कळवलं. वेडर मात्र या वेळी स्वतःचे घेतलेत. पथकाच्या वेडरचा डावा पाय दर वर्षी गळतो.